काळ्या मातीतला बांध

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावच्या हॉस्पिटलमध्ये मी रक्त घ्यायचं काम करते. सकाळी सातपासून माणसं खुर्चीत येऊन बसतात, बाही वर करतात आणि सुई टोचून होईपर्यंत भिंतीकडे बघत काहीतरी बोलत राहतात. बहुतेक हवेबद्दल. एकदा सत्तरी ओलांडलेली एक बाई आली. तिच्या नखांत काळी माती घट्ट वाळून बसली होती. शीर शोधता शोधता मी विचारलं, "कापसाची जमीन आहे का तुमची?"

तिने भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"आमच्याकडे अशीच माती असते. परभणीला."

परभणी कुठे ते तिला माहीत नव्हतं, पण माती ओळखणारं माणूस भेटल्याचा आनंद झालेला दिसला. दंडावर कापूस दाबून ती तशीच बसून राहिली आणि बोलायला लागली. गावापासून पश्चिमेला चाळीस मिनिटांवर तिचं शेत. शेताच्या मधोमध पूर्वी एक उथळ पाणथळ होतं, फार तर गुडघाभर पाणी, कडेने लव्हाळे. वसंतात जपानकडून पक्षी यायचे तिथे. तपकिरी, लांब चोचीचे, गवतात असे दडून बसायचे की पाय पडेपर्यंत दिसायचे नाहीत. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तिने आणि नवऱ्याने मिळून चर खणला आणि ते सगळं पाणी ओढ्याला काढून दिलं. तेवढीच जमीन लागवडीला आली.

"त्या वर्षी पक्षी आले," ती म्हणाली. "वर दोन फेऱ्या मारल्या आणि गेले. मी ट्रॅक्टरवर होते. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं नाही."

नवरा जाऊन आता दोन वर्षं झाली होती. तिला तो चर बुजवायचा होता. कौन्सिलची परवानगी आली होती. "शनिवारी माणसं लागतात. येशील?"

मी हो म्हणाले ते त्या पक्ष्यांमुळे. तिने सांगितलेलं वर्णन पाणलाव्याचं होतं, आणि पाणलावा मला बाबांनी दाखवला होता.

बाबा पाटकरी होते. कालव्याच्या फाट्यांवर सायकलने हिंडायचं, पाळी असेल त्या शेताला पाणी सोडायचं, पाळी संपली की दार बंद करायचं, ही त्यांची नोकरी. आमच्या आजीला गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कोणीतरी ओंजळीत वरून पाणी ओतेपर्यंत ती थांबायची. त्याच गावाच्या शेतांना बाबा पाणी सोडायचे. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मात्र कोणाचीही पाळी पाच मिनिटांनी कमी होऊ द्यायचे नाहीत. हिवाळ्यात कालव्याच्या शेपटाकडे पाणी साचून दलदल व्हायची. रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून ते तिकडे न्यायचे. "हळू चाल," म्हणायचे, आणि आम्ही चार पावलं टाकली की पायाशेजारून पाणलावा ‘चक्’ असा आवाज करून उडायचा, नागमोडी, आणि माझं काळीज उडायचं. माझ्या त्या दचकण्याला हसायला बाबांना फार आवडायचं.

शिकायला म्हणून मी ऑस्ट्रेलियात आले आणि मग इथेच राहिले. बाबांना पहिल्या वर्षापासून म्हणत होते, या. आधी माझ्याकडे जागा नव्हती, मग आईचं आजारपण, ती गेल्यावर त्यांचं मन नव्हतं. फोनवर दर रविवारी बोलायचो आणि पाच-सात मिनिटांत विषय संपायचे. जेवलीस का, थंडी किती, भाऊ बरा आहे.

बाईच्या शेतावर जायला लागल्यावर ते बदललं. मी तिला मनात बाईच म्हणायचे, तोंडाने मात्र इथल्या रिवाजाप्रमाणे नावानेच हाक मारायचे. पहिल्या शनिवारी आम्ही सहाजणांनी चराच्या कडेचं तण काढलं. संध्याकाळी बाबांना सांगितलं, तर ते एकदम जागे झाल्यासारखे झाले.

"चर बुजवताय? आन् पाणी कोणाला?"

"कोणाला नाही. पक्ष्यांना."

ते म्हणाले, "पाळी लावायची गरज न्हाई मग." आणि खूप हसले.

त्यानंतर आमचे फोन अर्धा-अर्धा तास चालायचे. चर किती खोल, उतार कुठल्या अंगाला, बांध कशाचा घालताय. मी व्हिडिओवर दाखवायचे. चराच्या तोंडाशी बाईने ट्रॅक्टरने काळी माती लोटून बांध घातला होता. बाबा म्हणाले, "नुसती काळी? मला एकदा हातात घेऊन बघाय पाहिजे." त्याच आठवड्यात त्यांनी पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला.

व्हिसाला वेळ लागला. दरम्यान एकदा चांगला पाऊस झाला. पाणथळात पाणी उभं राहिलं, बाईने मला फोटो पाठवला आणि मी तो बाबांना. आठ दिवसांत पाणी नाहीसं झालं. त्यानंतर पाऊसच झाला नाही. बाबा आले ते त्या कोरड्या वर्षात.

ब्रिस्बेनच्या विमानतळावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर भावाचा स्वेटर, असे ते बाहेर आले. गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न, "पाणी हाय का?"

"नाही बाबा. सगळं वाळलंय."

"पडंल," ते म्हणाले.

शनिवारी त्यांना शेतावर नेलं. बाई फाटकाशी उभी होती. बाबांनी हात जोडून "जयभीम" केलं. तिने हात पुढे केला होता, तो मागे घेऊन तिनेही हात जोडले. मग दोघं पाणथळाकडे चालत निघाली, मी मागून दुभाषी. आत काही नव्हतं. लव्हाळ्यांची वाळकी खुंटं आणि हात जाईल एवढ्या भेगा. बाबा मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी चारी दिशांना पाहिलं. मला अतिशय वाईट वाटलं. इतक्या लांबून त्यांना जे दाखवायला आणलं ते तिथे नव्हतंच.

ते मात्र खाली बसले. मातीचं ढेकूळ उचललं, थुंकी लावून बोटांत मळलं, वळी करून पाहिली. "आपलीच हाय की गं ही," ते म्हणाले. मग बांधाकडे गेले. बांधालाही वरपासून खालपर्यंत भेगा गेल्या होत्या. त्यांनी एकीत हातातली काठी घातली. ती निम्मी आत गेली.

"बाईला सांग, पाणी जमिनीनं प्यालं न्हाई. हितून गेलं. काळी माती वाळली की फाटते. ती बांधाच्या पोटात पाहिजे, अंगावर मुरूम पाहिजे. अन् थराथरानं, प्रत्येक थर ओला करून धुम्मसानं ठोकायचा."

मी इंग्रजीत सांगितलं. बाईने मला विचारलं, "हे त्यांचं काम होतं का?"

"तीस वर्षं."

"मग त्यांना विचार, कधी सुरू करायचं."

व्हिसाच्या त्या तीन महिन्यांतले बाबांचे सगळे शनिवार, आणि पुढे पुढे बुधवारही, तिकडेच गेले. माझी शिफ्ट असली की ती सुरू व्हायच्या आधी बाई येऊन त्यांना घेऊन जायची. ती दोघं दिवसभर भाषेवाचून काय करत असतील याची मला काळजी वाटायची. दुपारनंतर न्यायला गेले की दिसायचं: बाई ट्रॅक्टरवर, बाबा खाली उभे राहून हाताने खुणा करताहेत, थांब, अजून, बास. जुना बांध त्यांनी पूर्ण फोडला. बाईच्या घरामागच्या टेकाडावर खडीमिश्रित लाल माती होती, बाबांच्या मते उत्तम मुरूम. फाटकाच्या जुन्या खांबाचा त्यांनी माती ठोकून बसवायला धुम्मस बनवला आणि कोपऱ्यांत, जिथे ट्रॅक्टरचं चाक पोचत नव्हतं, तिथे स्वतः धुमसलं. मी रागावले, "बाबा, वय बघा." ते म्हणाले, "तू लोकांचं रक्त काढ. मला माझं करू दे."

रोज सकाळी ते अंगणात जाऊन आभाळ बघायचे. एकदा टेंपरेचर उतरलं, ढग आले, आम्ही धावत गाडी काढली. शेतावर पोचेपर्यंत चार थेंब पडून ऊन आलं. बाबा नव्या बांधावर बसून राहिले. मी शेजारी बसले.

"व्हिसा वाढवून घेऊ," मी म्हणाले.

"नको माय. डोळ्याच्या डॉक्टरची तारीख हाय. तो काचबिंदू म्हणतो." हे त्यांनी मला तोवर सांगितलंच नव्हतं.

ते गेले तेव्हा पाणथळ कोरडंच होतं. जायच्या दिवशी बाई विमानतळावर आली नाही, आदल्या दिवशी घरी येऊन गेली. तिने बाबांना आपल्या नवऱ्याची लोकरी टोपी दिली. बाबांनी ती तिथेच घातली, उलटी. तिने पुढे होऊन सरळ केली.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे इथल्या फेब्रुवारीत, पाऊस आला. आणि त्या वर्षी तो हिवाळ्यातही अधूनमधून पडत राहिला. पाणी चढत चढत लव्हाळ्यांपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. आठ दिवस झाले, पंधरा झाले, दोन महिने झाले. खुंटांना हिरवे कोंब आले. मी व्हिडिओ पाठवायचे आणि भाऊ ते बाबांना दाखवायचा. एका रविवारी भाऊ हळूच म्हणाला, "ताई, त्यांना आता फोनवरचं नीट दिसत नाही. तू पाठवतेस म्हणून ते 'व्हय व्हय' म्हणतात."

मी व्हिडिओ बंद केले आणि बोलायला लागले. पाणी कुठपर्यंत आलंय, त्यावर वारा कसा जातो, बगळे किती.

सप्टेंबरात, इथला वसंत सुरू होताना, एका शनिवारी सकाळी बाईचा फोन आला. "गमबूट घालून ये." तिचा आवाज वेगळा होता. मी पोचले तर ती गाडीच्या बॉनेटला टेकून उभी. बोटाने लव्हाळ्यांकडे दाखवलं आणि माझ्याबरोबर यायला नकार दिला. "तू जा. मी सकाळी पाहिलेत. पुन्हा पाहिले तर मी रडेन, आणि मला आवडत नाही ते."

मी बाबांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि हळू चालत गेले. चार पावलं. पाचवं. पायाशेजारून ‘चक्’ करून एक उडाला, मागोमाग दुसरा, मग पलीकडून आणखी. मी दचकून ओरडले. तिकडे परभणीत पहाट असणार. बाबा हसत होते, तेच ते हसणं.

"ऐकलंत?"

"तुझं ओरडणं ऐकलं. किती हायत?"

"सात."

"कुठं गेले?"

"फिरून पलीकडच्या कडेला बसले. गेले नाहीत बाबा, इथेच बसले."

मला बाबा तिथे हवे होते. फोनमध्ये नकोत, तिथे, लाल मातीवर दोन पायांवर बसलेले, काठीने पाणी ढवळणारे. जे त्यांच्यामुळे उभं राहिलं ते त्यांनी कधी पाहिलं नाही, आता पाहणारही नाहीत, आणि मी हट्ट करून त्यांना वर्षभर आधी आणलं असतं, दोन वर्षं आधी, तर डोळे तरी होते.

"बांधाच्या खालच्या अंगाला जा," बाबा म्हणाले. "हात लाव. ओल हाय का बघ."

मी बांधावर गेले आणि पलीकडे खाली उतरले. गुडघे टेकले, तळहात मातीवर ठेवला.

"कोरडं आहे."

"अजून खाली. पायथ्याला."

"तिथेही कोरडं आहे, बाबा."

"बरं," ते म्हणाले. "आता पाण्याचं सांग."

मी पुन्हा वर चढले आणि डाव्या अंगापासून सांगायला सुरुवात केली.