पाण्यावरचे उंदीर

न्गाउंदेरेच्या विद्यापीठात प्रयोगाचे उंदीर ठेवतात त्या खोलीमागे एक आंबा आहे. दुपारी त्याच्या सावलीत पहारेकरी, माळी, झाडूवाले एका परातीभोवती कोंडाळं करून बसतात आणि मक्याच्या गोळ्यात चार-पाच हात एकदम पडतात. भिंतीला टेकून, आपली तामचिनीची थाळी घेऊन, यादजी वेगळा बसतो. त्याला तिथे कुणी बसवलेलं नाही. बसवायला कशाला लागतं? आपली जागा कोणती, हे लहानपणीच कळलेलं असतं.

यादजीला फेफरं होतं. आणि फेफऱ्याचा फेस अंगाला लागला की आपल्यालाही फेफरं लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणूस पडला की सगळे लांब पळतात. चुलीवर पडला तरी ओढायला कुणी जात नाही. यादजीच्या डाव्या हाताची दोन बोटं अशीच गेली. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. मुलगी, रमातू, आता मेइगांगाला नांदते. फोनवर गोड बोलते, पण “या ना बाबा” असं आजवर एकदाही म्हणाली नाही. तोही विचारत नाही. उगाच पोरीला खोटं कशाला बोलायला लावायचं?

त्याला सावरलं ते आईच्या सालीने. डोंगरउतारावर एक काटेरी झुडूप होतं, त्याची साल आई उकळून द्यायची. आई गेल्यावर तो स्वतः उकळून पिऊ लागला, आणि कित्येक वर्षांत पडला नव्हता. पण एकदा बसलेला शिक्का पुसतो कुठे! म्हणून त्याने प्रयोगाचे उंदीर सांभाळायची नोकरी धरली. उंदरांना कुणाची थाळी वेगळी नसते.

मैरामू डॉक्टरेट करायला आली आणि कुठली झाडं फेफऱ्यावर चालतात ते विचारत गावभर फिरली. तेव्हा यादजीने आपणहून सालीचं सांगितलं. पोरगी हरखली.

“मामा, एका पिंजऱ्याला तुमच्या सालीचा काढा, दुसऱ्याला नुसतं पाणी. मग दोघांना सुई टोचायची, त्या सुईने झटके येतात. नंतर मेंदूचे काप करून भिंगाखाली बघायचं, कुणाच्या पेशी वाचल्या.”

“वाचल्या तर?”

“तर छापून येईल, की हा मेंदूचा आजार आहे. थुंकीचा नव्हे.”

यादजी त्या दिवशी फार जेवला नाही. मेंदूचा आजार! म्हणजे रमातूच्या सासूलाही कुणीतरी हे वाचून दाखवेल. मैरामूने डब्यातली भाजी त्याच्या थाळीत वाढली, वरून, डाव थाळीला लागू न देता. शिकलेली असली म्हणून काय झालं? हाताचं वळण हातातच राहतं. यादजीला राग नाही आला. सवय होती.

पण पाण्याच्या पिंजऱ्यावरून त्याच्या जिवाला घोर लागला. आईचा नियम होता: काढा उकळला की अंगणात जितके आजारी असतील तितक्यांना वाटा. एकाला पाजून दुसऱ्याला कोरडं ठेवलं, तर साल रुसते, मग कुणालाच गुण येत नाही. आणि इथे तर भिंतीला भिंत लागून पिंजरे! साल रुसली तर पोरीचं काम बुडालं, आईची लाज गेली. म्हणून मैरामू घरी गेली की तो भांड्यात उरलेला काढा पाण्याच्या उंदरांच्या बाटलीत ओतायचा. रोज. मनोभावे, वर दोन शब्द आईला बोलून.

सुई टोचली. दोन्ही पिंजरे थोडे थरथरले आणि सावरले. काप झाले. दोन्हीकडच्या पेशी सारख्याच शाबूत.

मैरामू स्टुलावर मटकन बसली. “संपलं, मामा. सर म्हणाले, काही फरकच नाही. ही साल सोड, दुसरं झाड घे.”

“पण झटक्यांतून सगळे वाचले ना गं?”

“सगळे वाचले तर सालीने वाचले हे कशावरून? पाण्यावरचे मरायला हवे होते!”

यादजी गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं? पण आईची साल खोटी ठरत होती, आणि खोटी पाडणारा तोच.

“त्यांनाही मी काढा दिला,” तो म्हणाला. मग नियमही सांगितला.

मैरामू किंचाळलीच. “अहो, काय केलंत हे! वर्ष गेलं माझं! रुसते म्हणे! साल काय तुमची सून आहे रुसायला?” ती तरातरा निघून गेली. पुष्कळ दिवस बोलली नाही. डबा खोलीतच खायची. यादजी भिंतीशी बसून पलीकडच्या परातीतलं हसणं ऐकायचा, आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं, की ही भिंत फार लांबलचक आहे.

शेवटी तिने सरांच्या हातापाया पडून नवे उंदीर मिळवले. “या वेळी पाणी म्हणजे पाणीच,” तिने बजावलं. “तुम्हाला आईची शप्पथ.”

यादजीने शपथ पाळली. आईची शपथ आणि आईचा नियम, दोन्ही एकदम कसं पाळायचं, याचा त्याने एकट्याने विचार केला होता. कुणाला सांगणार? सांगायला होतं कोण?

सुईच्या दिवशी सालीचे उंदीर जरा थरथरले आणि कोपऱ्यात बसले. पाण्यावरचे मात्र तडफडू लागले. पाय ताठ, तोंडाला फेस. मैरामू पलीकडे वेळ नोंदवत होती. यादजी पाण्याच्या पिंजऱ्याजवळ जमिनीवर बसला आणि जाळीवर हात ठेवला. आपण पडायचो तेव्हा जवळ कुणी नसायचं, हे त्याला आठवत होतं. निदान यांच्याजवळ कुणीतरी असू दे. मग जाळी हलली, का हातच हलला, त्याला समजलं नाही.

डोळे उघडले तेव्हा वर छत होतं. दारात पहारेकरी आणि माळी थबकून उभे होते, आत एकही पाऊल नव्हतं. त्याचं डोकं मात्र कुणाच्या तरी मांडीवर होतं. मैरामूचे केस मोकळे होते. डोक्याचा रुमाल सोडून तिने त्याचं तोंड, हनुवटी, मान पुसली होती.

“कधीपासून साल प्यायला नाहीत?” तिने विचारलं.

“यांना पाणी सुरू केलं तेव्हापासून.” त्याची जीभ जड झाली होती. “एकाच अंगणात... ते कोरडे, मग मी कसा पिऊ?”

“अहो मामा, तुम्ही माझ्या प्रयोगात होतात का? मेला असतात ना!” ती रडत होती आणि ओरडतही होती.

“सालीवाले कसे आहेत?”

“दाणे खातायत. पण कापून बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.”

“अगं पोरी, रुमाल!” दारातून माळी ओरडला. “फेकून दे तो! जाळून टाक!”

मैरामूने त्याच्याकडे बघितलं. फेसाने ओला झालेला तो रुमाल तिने एकदा झटकला आणि सगळ्यांदेखत पुन्हा डोक्याला बांधला.