टिटवीच्या धुऱ्यावर अकरा मिनिटं

बालाघाटला जायचं ठरलं होतं ते माझं नाही, सईचं. सई माझी मुलगी, वय वर्षं दहा. लामत्याजवळच्या एका गावात मुलांसाठी आठवडाभराचं प्राण्यापक्ष्यांचं शिबिर होतं आणि माहितीपत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलं होतं, पालकांना प्रवेश फक्त शेवटच्या दिवशी. ते वाचलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. पोरीला पहिला पक्षी मी दाखवला, दुर्बीण धरायला मी शिकवलं, तिच्या प्रत्येक 'का'ला उत्तर मी दिलं. आता उत्तरं देणार दुसरंच कोणी, आणि मी फाटकाबाहेर! बायको म्हणाली, "सोडून ये आणि गुपचूप परत ये." मी सोडून आलो, पण परत गेलो नाही. बालाघाटातच खोली घेतली. कुणी विचारलंच तर सांगायला माझा प्रवासाचा ब्लॉग होताच.

नागपूरहून पहाटे निघालात तर भंडारा, गोंदिया करत चार-साडेचार तासांत बालाघाट येतं. मे महिन्यात पहाटेच निघा, दहानंतर गाडीचं दार हाताला चटका देतं. गोंदियात पोहे खाऊन घ्या. पुढे पाट्या हिंदीत होतात, माणसं मात्र एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलतात. वैनगंगेत पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसली. लामत्याच्या रस्त्यावर बाया पानांच्या द्रोणांत चारं विकत होत्या, चारोळीची ती काळी आंबटगोड फळं. दहा-वीस रुपयांत ओंजळभर मिळतात. सईने बिया खिडकीतून फेकल्या, उगवतील म्हणून.

शिबिर सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळेत होतं. शाळेला लागूनच देवकाबाईंचं धानाचं शेत. पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई. शिबिर चालवणाऱ्या तरुण मंडळींनी मुलांना शेत दाखवायचं काम तिच्याकडे दिलं होतं. फाटकाशी धुळीत कसलेसे ठसे होते. सईने विचारलं, "हे कोणाचे?" मी 'मुंगूस' म्हणायला तोंड उघडलं, तर ती बाईकडे बघत होती.

देवकाबाई वाकल्या, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मले नाई माहीत. उद्या सकाळी अजून पाहू, मंग सांगू."

ही बाई शिकवणार! मी मनात हसलो. सई मात्र पिशवी उचलून तिच्यामागे गेली आणि तिने वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हट्टा गावची बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, पाहिली. बालाघाटहून तासाभरात जाता येतं. उन्हातून आत उतरलं की दगडी पायऱ्यांचा गारवा लागतो आणि वर यावंसं वाटत नाही. नक्की पाहा. मी अर्धीच पाहिली, कारण लक्ष घड्याळाकडे होतं. संध्याकाळी मुलांना घरी बोलायला पाच मिनिटं मिळायची. त्या पाच मिनिटांत 'देवकामावशी म्हणते' सात वेळा आलं.

"बाबा, मावशीच्या धुऱ्यावर टिटवीची चार अंडी आहेत! धुरा म्हणजे बांध. तिने तिथली नांगरणी थांबवलीये. टिटवी पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, गार करायला. तुला माहितेय?"

मला माहीत होतं. बारा वर्षांपासून माहीत होतं. पण मी सांगायच्या आत ते दुसऱ्या कुणीतरी सांगून टाकलं होतं. त्या रात्री ढाब्यावरची शेवभाजीही गोड लागली नाही.

बुधवारी सकाळी अकराला मी लामत्याच्या रस्त्यावर गाडी लावली आणि दुर्बीण घेऊन शेतातून निघालो. दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी अक्षरशः पाळत होतो. लांब पळसाच्या सावलीत मुलं दिसली. सई देवकाबाईंना खेटून बसली होती. माझ्या डोक्यावर एक टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. एकदा तर टोपीपर्यंत खाली आली. टिटवी ओरडतेच, त्यात काय विशेष, असं म्हणत मी दुर्बीण खाली केली नाही. मग दुर्बिणीत सईने मान वर केली, टिटवीकडे पाहिलं आणि थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

"ओ भाऊ!" देवकाबाई ओरडल्या. "पाय उचलू नोका! हाय तिथंच उभे ऱ्हा!"

मी खाली पाहिलं. डाव्या बुटापासून वितीवर चार अंडी होती, ढेकळांच्या रंगाची. मला ती दिसलीच नव्हती.

सई एकटी आली, वाटेतलं प्रत्येक पाऊल बघत. माझा हात धरला. "उजवा पाय मागे. तिथेच टेकव. आता डावा. खाली बघ ना, बाबा!" लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिला असंच न्यायचो. वीस पावलांवर आल्यावर तिने हात सोडला. तिने मिठी मारली नाही, की तू इथे कसा म्हणून विचारलं नाही. गळ्यातली वही उघडली. तिच्यात रकाने होते: वार, टिटवी किती वेळ उठली, कारण. वरती कुत्रा, बकऱ्या, ट्रॅक्टर असं लिहिलं होतं. टिटवी परत येऊन अंड्यांवर बसल्यावर तिने त्यांच्याखाली लिहिलं, 'बुधवार. ११ मिनिटं. बाबा.'

"काहून आले होते भाऊ?" देवकाबाईंनी विचारलं. "ब्लॉगसाठी," मी म्हणालो.

एवढ्या उन्हात उघडी पडलेली अंडी किती वेळ तग धरतात, हे मी कुणाला विचारलं नाही.

शनिवारी पालकांना रीतसर बोलावलं. मुलांनी वह्या वाचून दाखवल्या. 'कारण: बाबा'ला शाळा दणाणून हसली, मीही हसलो. जेवायला चिन्नोर तांदळाचा वासाचा भात होता, देवकाबाईंनीच रांधलेला. भात उत्तम होता, आणि त्याचाही मला राग आला. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असं म्हणतात ते खरं का, मी विचारलं.

"माही आजी म्हने," त्या म्हणाल्या. "खरं का खोटं, मले नाई माहीत."

शेजारी सईचे डोळे चमकले. माझ्या उत्तरांवर ते असे कधी चमकल्याचं मला आठवेना.

नागपूरला येऊन आठवडा झाल्यावर माझ्याच फोनवर देवकाबाईंचा फोन आला. "पिल्लं निघाली का?" मी घाईने विचारलं.

"सांगतो ना. पन पोरीले द्या फोन."

मी दिला. सई बराच वेळ "हौ मावशी, हौ" करत राहिली. मग वही घेऊन बसली. तीन पिल्लं निघाली होती आणि आईमागे पळतही होती. एक अंडं तसंच राहिलं होतं.

"माझ्यामुळे?" मी विचारलं.

सईने पानं मागे उलटून बुधवार पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने मला काहीही विचारलं तरी 'माहीत नाही' हे उत्तर मी एकदाही दिलेलं नाही. येत नसलं तर रचून दिलंय.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली, आणि तिने लिहिलं, 'एक अंडं फुटलं नाही. कारण: माहीत नाही.'