त्र्यंबकरावांनी दिलेला सल्ला

त्र्यंबकराव ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत आस्थापनेवर होते आणि रजेचे नियम त्यांना तोंडपाठ. डोंबिवलीत कुणाची बदली अडो, रजा अडो, माणूस आधी त्यांच्या ओटीवर यायचा. "नियम असं सांगतो," म्हणून ते सुरू झाले की समोरच्याचा चहा गार व्हायचा, पण सल्ला कधी चुकायचा नाही. चुकला तो एकच, मेला, आणि तोही घरच्याच माणसाला दिलेला.

धाकटा भाऊ बाळ अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकत होता. तो तिकडे असतानाच वडील वारले. पुढे त्याला पदवी मिळाली आणि एका कारखान्यात वर्षभर काम शिकायची सरकारी परवानगीही मिळाली. परदेशी विद्यार्थ्याला ती पदवीनंतर एकदाच मिळायची. इकडे आईने धोशा लावला. वडिलांनी जाण्यापूर्वी कल्याणच्या प्रमोदिनीच्या घरी शब्द दिलेला. लग्न वडिलांना जाऊन वर्ष व्हायच्या आत उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलीकडचे तेवढे थोडेच थांबणार?

बाळने पत्रातून विचारलं, "दादा, मध्येच देश सोडला तर परवानगी जाईल असं इथले लोक म्हणतात. काय करू?"

त्र्यंबकरावांनी उलटटपाली कळवलं, "एकदा मंजूर झालं ते मंजूर. माणूस रजेवर गेला म्हणून त्याची जागा जात नाही. खुशाल ये." अहो, अमेरिकेचं सरकार म्हणजे काय ठाण्याची कचेरी? पण हे त्यांना सांगणार कोण!

बाळ आला, लग्न झालं. परतीच्या कागदांसाठी तो मुंबईला वकिलातीत गेला. तिथल्या साहेबाने शांतपणे सांगितलं, "परवानगी तिथे राहणाऱ्याला होती. तुम्ही निघालात, ती संपली. आता जायचं तर पुन्हा कॉलेजात नाव घाला." पुन्हा कॉलेज कुठलं परवडायला!

बाळ घरी आला तो कोट न काढताच झोपाळ्यावर बसून राहिला. दादाला एका शब्दाने बोलला नाही. बोलली ती आई. "हिचा पायगुण, दुसरं काय! हिने उंबरा ओलांडला आणि माझ्या पोराची अमेरिका गेली."

नवी नवरी चुलीपुढे मान खाली घालून ऐकत होती. 'आई, सल्ला माझा होता,' हे त्र्यंबकरावांच्या अगदी ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. सारी आळी ज्याला विचारून पाऊल टाकते त्याने चूक कबूल करायची? चार दिवसांत आईचा राग उतरेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

राग कसला उतरतोय! तो लोणच्यासारखा मुरला. बाळ एका कारखान्यात हाताखालच्या कामाला लागला. शेजारणी चांगल्या कामाला निघताना प्रमोदिनीचं तोंड चुकवू लागल्या. तिने वाढलेला भात त्र्यंबकराव तसाच पानात टाकायचे. कुणी सल्ल्याला आलं तर "कचेरीत विचारा" म्हणून ते उठून आत जायचे. मन खात होतं, पण तोंड उघडत नव्हतं. भित्रा माणूस!

पुढे बाळला एका मोठ्या जागेसाठी मुलाखतीला बोलावणं आलं. निघताना आईने त्याच्या हातावर दही घातलं आणि आत पाहून म्हणाली, "तू पुढे येऊ नकोस गं."

प्रमोदिनी पुढे कशाला येते? कुणी सांगायच्या आधीच ती मागच्या दारी भिंतीकडे तोंड करून उभी होती. सवय झाली होती तिला.

ते पाहिलं आणि त्र्यंबकरावांना राहवेना. "पुरे, आई! तिचा काय संबंध? परवानगी जाईल, असं बाळने मला लिहिलं होतं. मीच म्हटलं, खुशाल ये. त्याची अमेरिका मी घालवली."

आईने दह्याची वाटी खाली ठेवली. बाळ चपला घालता घालता म्हणाला, "जाऊ दे ना दादा. मी केव्हाच विसरलो ते."

प्रमोदिनी दारात आली. तिने आधी थोरल्या दिराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"म्हणजे तुम्हां दोघांनाही ठाऊक होतं," ती म्हणाली. "आणि मी रोज देवापुढे माझ्या पायांची क्षमा मागत होते."