मौत का कुआँ आणि मुरमुऱ्याचा लाडू

मंडळी, आज मार्कंड्याच्या जत्रेत मी लेकीवर चारचौघांत ओरडले. 'मौत का कुआँ' बघताना ती मोबाईल धरून कठड्यावरून आत वाकली होती. खाली फळ्यांच्या भिंतीवर मोटरसायकल गरगरत होती.

१९८५च्या आसपास याच जत्रेत अशीच मोटरसायकल माझे बाबा चालवायचे. मी पाच वर्षांची. ते हँडल सोडायचे तेव्हा बाया डोळे झाकायच्या, मी टाळ्या वाजवायचे.

एकदा बाबा सकाळपासून उपाशी होते. म्हणून खेळ सुरू असताना मी कठड्यावरून अर्धी बाहेर लटकले आणि मुरमुऱ्याचा लाडू पुढे धरला. बाबा वर आले, मला पाहिलं, आणि गाडी घसरली. लोक किंचाळले. कशीबशी सावरून त्यांनी ती खाली उतरवली.

मी धावत गेले. "बाबा, तुमाले भूक लागली होती ना?"

त्यांनी लाडू घेतला, पण हात इतके थरथरत होते की तो खाली पडला.

"मी पडलो असतो त चाललं असतं. तू काऊन वाकली व माय?"

तेव्हा मी पहिल्यांदा भ्याले.

आज परतताना लेक म्हणाली, "आई, तुझा हात काऊन थरथरून राह्यला?"

सांगा, काय सांगू तिले?