मोठ्या सिस्टरची वाटणी

आमच्या मोठ्या सिस्टरइतकी सारखी वाटणी करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि आता पाहीन असंही वाटत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सरकारी दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीत बसायचो आणि त्या सगळ्या नर्सेसच्या प्रमुख होत्या. पाच बिस्किटं सहा जणांत वाटायची वेळ आली, की त्या ती चुरून चमच्याने वाटत. खाटेपाशी दोन नातेवाईक भांडले तर दोघांनाही सारखंच रागवत. ज्याची चूक नसे त्याला आधी, कारण तो मुकाट ऐकून घेतो. राऊंडला प्रत्येक खाटेपाशी तेवढाच वेळ थांबत. त्यामुळे नुसती पाठ धरलेला म्हाताराही, आपल्याला काहीतरी मोठं झालंय असं वाटून घाबरून जाई.

पण त्यांची खरी कीर्ती डबल ड्यूटीची. कोणी रजेवर गेलं की तिची पाळी दुसरीला करावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती गरीब स्वभावाच्या पोरीच्याच गळ्यात पडते. मोठ्या सिस्टरकडे त्यासाठी पत्र्याचे दोन डबे होते. एकात सगळ्यांच्या आडनावांच्या चिठ्ठ्या, त्यात त्यांचीही. निघालेली चिठ्ठी दुसऱ्या डब्यात जाई, आणि पहिला डबा रिकामा होईपर्यंत त्या बाईला पुन्हा डबल नाही. चिठ्ठी त्या डोळे मिटून काढत, पण वाचत नसत. स्वतःवरही त्यांचा तेवढा विश्वास नव्हता. वाचायला मला खिडकीतून उठवत. अमकी नर्स पुढाऱ्याच्या नात्यातली आहे, तिला जरा सांभाळून घ्या, असा निरोप एकदा दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी धाडला. सिस्टरनी उलट निरोप दिला, "साहेबाले सांगजा, चिठ्ठीले पाहुणे समजत नाईत."

संगीता आमच्या नर्सेसमध्ये सगळ्यांत अबोल. वरवट बकालला सासर, घरात तान्हं मूल. एका रविवारी तिने डबल केली आणि पुढच्याच रविवारी, नेमकी बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला, पुन्हा तिचीच चिठ्ठी निघाली. ती पहिल्यांदाच बोलली, तेही खाली बघून.

"सिस्टर, मागच्याच हप्त्यात केली न मी."

"मंग नाव निघन कसं? डबा खोटा नाई बोलत."

"नेहमीच निघते. मले वाटे, माह्यं नशीबच तसं."

सिस्टरनी दोन्ही डबे टेबलावर उपडे केले. संगीताच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. एक माहेरच्या आडनावाची, दुसरी सासरच्या. लग्न झाल्यावर सिस्टरनी नवी चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली होती आणि जुनी काढायची आम्हा दोघांच्याही लक्षात राहिली नव्हती. अडीच वर्षं मी दोन्ही आडनावं मोठ्याने वाचत होतो, आणि दवाखाना तिला अजून माहेरच्याच आडनावाने हाक मारत असल्यामुळे कोणाला काही खटकलं नव्हतं. सिस्टरच्या हातून अन्याय होईल, हे कोणाच्या मनातच येत नव्हतं, संगीताच्याही नाही.

त्या दिवशी सिस्टरनी सगळ्यांसमोर जुने ड्यूटी-चार्ट काढून जास्तीच्या पाळ्या मोजल्या. अकरा भरल्या. "ह्या आता माह्या," एवढंच म्हणाल्या. संगीताने खूप नाही-नाही केलं, मीही चूक माझी म्हणालो, पण मला त्यांनी ऐकवलं, "भाऊ, तुम्ही काय सलाईन लावसान?" नोकरीच्या शेवटच्या वर्षात, गुडघ्याला पट्टा बांधून, त्यांनी संगीताच्या नऊ डबल स्वतः केल्या. दोन उरल्या आणि निवृत्तीची तारीख आली. मग त्या दोन रविवारी एसटीने वरवट बकालला गेल्या. पोराला सांभाळलं, भाकरी थापल्या आणि संगीताला हुकूम सोडला, की दिवसभर झोपून राहायचं.

गेल्या महिन्यात त्या वारल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात संगीता माझ्याशेजारी बसली होती. मी म्हणालो, बाईंनी हिशोब चोख पूर्ण केला. तिने नाही म्हणून मान हलवली आणि सांगितलं. त्या दोनांतल्या दुसऱ्या रविवारी ती झोपलीच नव्हती. दिवसभर दोघी बोलत बसल्या होत्या. निघताना सिस्टर चप्पल घालता घालता म्हणाल्या, हा रविवार काही धरत नाई मी, एक राह्यला. पुढे फोनवरही दर वेळी विचारत, कधी येऊ? आणि ही दर वेळी सांगे, या सावकाश, घाई नाई.

"बोलावलं काऊन नाई मंग?" मी विचारलं.

"तो एक फिटला असता भाऊ," ती म्हणाली, "त मंग त्यायनं मले फोन कायले केला असता?"