पॉम्पेईतली हाक

ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे काका अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. कुणाकडेही गेले की बसण्याआधी भिंतीवर बोटं वाजवून बघायचे. बोलायचे तेही वायरलेसवर बोलावं तसं, तोडून तोडून. आम्हाला हसू यायचं.

गेल्या वर्षी क्रूझवर ते आमच्याच ग्रुपमध्ये होते. इटलीत बोट लागली त्या दिवशी आम्हाला पॉम्पेईला नेलं. ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं ते शहर बघताना सगळे फोटो काढण्यात गुंग होते. एका पडक्या घराच्या दारात काका अचानक गुडघ्यांवर बसले, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ओरडले, "आत कोणी आहे का? असाल तर आवाज द्या." मग कान देऊन थांबले. गाइडसुद्धा जागची हलली नाही.

परतताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले.

"बिल्डिंग पडली की आधी हेच विचारायचं. सवय," ते म्हणाले.

"उत्तर यायचं?"

"एकदा आलं. एका बाईंचं. येतोय म्हणून सांगितलं त्यांना. स्लॅब उचलून होईपर्यंत त्या बोलायच्या थांबल्या होत्या."