मावशीच्या बेटावरचं कुंपण

हूफडॉर्पला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईंना मी पहिल्या महिन्यातच मावशी करून टाकलं. मूळच्या बोनेर बेटावरच्या. शिकायला म्हणून नेदरलँड्सला आल्या, नर्स झाल्या आणि इथेच केस पिकवले. अहो-जाहो फार दिवस टिकलं नाही. मावशीला कोण अहो म्हणतं? माझी लेक शाळा सुटली की तिच्याकडे जायची, तिच्या हातचं खायची आणि वर तिच्याशीच डचमध्ये भांडायची. निवृत्त झाल्यावर मावशी म्हणाली, "आता घरी जाऊन राहीन म्हणते," तेव्हा माझं डोकंच फिरलं. घरी म्हणजे कुठे? घर इथे होतं, आमच्या शेजारी.

"आधी नाताळात बघून तर ये," मी म्हटलं आणि लेकीला घेऊन तिच्याबरोबर गेले. खरं तर तिला परत आणायलाच गेले.

बोनेर नकाशावर व्हेनेझुएलाच्या डोक्यावर, पण कारभाराने नेदरलँड्सचीच एक नगरपालिका. उष्ण कटिबंधातलं बेट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कोकण: नारळी, चिखल, शेवाळ. मी छत्र्या बांधून घेतल्या. उतरून बघते तर आमचा माण तालुका! काटेरी झुडपं, खडक, मोकाट शेळ्या, तोंडावर वारा. माझं माहेर दहिवडीकडचं, त्यामुळे हसूच आवरेना. फक्त इथे माळ संपला की निळाशार समुद्र. दक्षिणेला मिठागरं, त्यांतलं गुलाबी पाणी आणि मिठाचे पांढरे ढीग. मीठ पूर्वी गुलामांकडून काढून घेत आणि गाढवांवर लादत. गुलामी गेली, गाढवं मात्र अजून रस्त्यात आडवी उभी असतात. आता बेटाचं पोट जास्त करून पाहुण्यांवर चालतं. भाजीपासून सिमेंटपर्यंत सगळं जहाजाने येतं, म्हणून महाग. युरोपातले डच इथे घरं घेतात आणि इथली पोरं शिकायला युरोपात जातात.

दुकानात मावशीने आपल्या पापियामेंतो भाषेत चीज मागितलं. गल्ल्यावरच्या मुलीने तिला डचमध्ये उत्तर दिलं. मावशीचा चेहरा उतरला. माझी लेक मला रोज हेच करते, त्यामुळे ते कुठे लागतं हे मला ठाऊक आहे.

तिच्या भावाने तिच्या वाट्याची जागा राखली होती, पण उघडीच. "कुंपण घाल, मग राहायला ये. नाहीतर शेळ्या काही ठेवायच्या नाहीत," तो म्हणाला. तिथे कुंपण म्हणजे उंच निवडुंगाची कांडं एकाला एक लावून केलेली जिवंत भिंत. मावशीने सकाळी कांडं तोडली, लगेच रोवली आणि झारी घेऊन निघाली.

"पाणी घालतेय निवडुंगाला! पुरती हॉलंडची झाली ही," भाऊ हसला. मावशी हसली नाही. ती खाली मान घालून पाणी घालतच राहिली. मी गप्प बसले असते तर कांडं कुजली असती, मावशी खचली असती आणि आमच्याबरोबर विमानात बसली असती. मला तेच तर हवं होतं. पण मी झारी हिसकावून घेतली.

"ओल्या जखमेवर पाणी घालतात का? उपट सगळी. सावलीत टाक, तोंडं सुकू देत. मग लाव, आणि पाण्याचं नाव काढू नकोस!"

भाऊ बघतच राहिला. "ही कुठली?"

"आमच्यातलीच," मावशी म्हणाली.

सुट्टी संपेपर्यंत कांडं सुकून रांगेत उभी राहिली होती. विमानतळावर मावशी फक्त पोचवायला आली. माझे हात हातात घेऊन म्हणाली, "मला न्यायला आली होतीस, कळत का नाही मला? मग कुजू द्यायची होतीस."

"आणि हरलेली मावशी घेऊन मी काय करू?" मी म्हटलं आणि लेकीसमोरच हमसून हमसून रडले.